नलूच्या लग्नातली उसनी ओळ

जवळ ये, मीनू. अशी एक पाय उंबऱ्यात आणि एक पाय अंगणात ठेवून ऐकू नकोस. तू इंदूरला कधीच पोचलीस हे मला माहीत आहे, पण लिहायला बसलं की मला समोर कोणीतरी बसलेलं लागतं, नाहीतर पेन चालत नाही. म्हणून ही सतरंजी टाकली आणि तुला बसवलं असं समज. अक्षर मोठं आहे, त्याला हसू नको. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून पिकायचा आहे, डॉक्टर म्हणतात थांबा. डावा तर आधीच संपावर गेलाय. माणसं मी ओळखते, पण आवाजावरून. चेहऱ्याच्या जागी एक पुसट गोळा दिसतो, मग तो गोळा 'कशा आहात काकू' म्हणाला की कळतं, हा कोणाकडचा.

आणि आता थोडं रागावून घेते, म्हणजे मोकळी होईन. परवा शेजारच्या लग्नात तू काय केलंस ते आठव. अंतरपाट धरला, मांडवातली कॅसेट सुरू झाली, आणि तू माझ्या कानाशी लागून म्हणालीस, "मामी, सगळीकडे तेच ते. एकाचं उचललं, दुसऱ्याच्या लग्नात लावलं."  हातात अक्षता होत्या, आणि लग्नात वाद घालू नये. पण मनाला लागलं, खोटं कशाला सांगू. कॅसेटचं सोड, ती बिचारी दोन रुपये भाड्यानं आलेली. मला लागला तो 'उचललं' हा शब्द. या एका शब्दाशी तुझ्या आजोबांचं सगळं आयुष्य भांडण्यात गेलं. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस, तुला कुठून ठाऊक असणार. तुझ्या आईनं सांगितलं नसेल, कारण जे सांगायचं ते तिलाही कोणी सांगितलं नाही.

वैशाखात नागपूरला आमच्या प्रताप नगरात दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. संध्याकाळ झाली की चारी बाजूंनी बँड वाजायला लागतात, आणि एकाची वरात दुसऱ्याच्या मांडवावरून जाते. आता घराघरात पत्र्याचे कूलर आलेत, घरघर करून डोकं उठवतात. तेव्हा खिडकीला वाळ्याची ताटी असे आणि तिच्यावर तांब्यानं पाणी मारणं हे सुनेचं काम. ओला वाळा, उकडलेली कैरी आणि नव्या माठाची माती, हे तीन वास एका ठिकाणी आले की मी आजही उठून आतल्या खोलीत जाते आणि उगाच काहीतरी शोधल्यासारखं करते. नलूच्या, म्हणजे तुझ्या आईच्या लग्नाचं वर्ष त्या वासात बसलेलं आहे. लोकांना लग्नाचं वर्ष आनंदाचं आठवतं. मला ते वर्ष म्हणजे घरातून एकेक माणूस निघून जात होतं आणि आम्ही मात्र मांडव घालत होतो, असं आठवतं.

मी कुहीची. धानाच्या बांध्यांमधून शाळेत जायची, सातवी झाली आणि लग्न झालं. सासरी आले तर घरात लॅटिन. तू हसशील, पण आधी मला वाटलं हे एखाद्या कापडाचं नाव आहे. तुझे आजोबा, आमचे मामंजी, कॉलेजात लॅटिन शिकवायचे. इंग्रज होते तोवर दोनचार पोरं तो विषय घेत. इंग्रज गेले, पोरं गेली, विषयही गेला, मामंजी तेवढे राहिले. कॉलेजनं त्यांना काही वर्षं इंग्रजीच्या वर्गांवर काढायला लावली आणि मग हार घालून घरी पाठवलं. तो हार बरेच दिवस खुंटीवर वाळत होता. काढायचा कोणी, हे ठरत नव्हतं.

घरी ते काय करत? रोमच्या पडत्या काळातल्या पंडितांवर लिहीत. माझ्या बुद्धीला झेपेल तेवढं सांगते. राज्य खिळखिळं झालेलं, सरहद्दीवर रोज धाड, आणि हे पंडित राजापुढे उभे राहून मोठमोठी भाषणं करायचे, राजाच्या स्तुतीची. त्या भाषणांत अर्धं जुन्यांचं. शेकडो वर्षांपूर्वीच्या कवीची ओळ इथून घ्यायची, जुन्या वक्त्याचं वाक्य तिथून, आणि नाव कोणाचंच घ्यायचं नाही. पुढच्या काळच्या विद्वानांनी त्यांना पोपट म्हटलं, उचल्ये म्हटलं. मामंजींना ते असं झोंबायचं जसं काही कोणी त्यांच्या सख्ख्या काकाला चोर म्हटलं.

"चोर माल लपवतो," ते म्हणत. "हे तर भर सभेत मांडतात. अगं, बोलणाऱ्याची सगळी शाळा त्या एका जुन्या कवीवर झालेली, आणि ऐकणाऱ्यांचीही. लहानपणी छड्या खात पाठ केलेली ओळ म्हातारपणी राजसभेत अचानक कानावर आली, की माणसाच्या पोटात काहीतरी हलतं. बोलणाऱ्याला तेवढंच हवं असतं. नाव कशाला सांगायचं? घरातल्या माणसाची कोणी ओळख करून देतं का?"

मी ताटीवर पाणी मारता मारता हे ऐकायची. कळायचं थोडं, पण 'पोटात हलतं' हे पक्कं कळायचं. आमच्या कुहीला धानाच्या रोवणीच्या वेळी एका बाईनं गाण्याची ओळ टाकली की दुसऱ्या टोकाची बाई नुसती हं करायची, आणि पहिलीचं तोंड उजळायचं.

त्यांच्याशी वाद घालणारं अख्ख्या नागपुरात एक माणूस होतं, आमचे फादर. परदेशातून तरुणपणी आलेले, पारशिवनीकडच्या खेड्यांत वर्षानुवर्षं राहून मराठी शिकलेले. त्यामुळे बोलणं थेट खेड्यातलं. दर रविवारी जेवणानंतर सायकल हाणत यायचे, घामानं लालबुंद, आणि ओसरीत बसायच्या आधी माझ्याकडून पन्हं मागून घ्यायचे. मग दोघांचा खेळ चाले. एकानं लॅटिनमध्ये एक ओळ म्हणायची, जी दोन जुन्या ओळींचे तुकडे जोडून केलेली असे. दुसऱ्यानं ओळखायचं, हा तुकडा कुठला आणि तो कुठला. ओळखलं की मांडीवर थाप. मामंजी एरवी शिष्ट माणूस, त्यांना मांडीवर थाप मारताना मी फक्त त्या खेळात पाहिलं.

एका भाषणावरून मात्र त्यांचं भांडण वर्षभर चाललं. कोण्या पंडितानं राजाच्या आनंदाच्या दिवशी त्याच्यावर फुलं उधळायची म्हणून जुन्या कवीची एक ओळ घेतली होती. पण जुन्या कवितेत ती फुलं होती एका लहान वयात गेलेल्या मुलासाठी.

"घाईत होता गा तुमचा पंडित," फादर म्हणत. "त्याच्या जवळ पाठ केलेल्या ओळींची पेटी. फुलं पाहिजे होती, फुलं काढली. मेलेल्या पोराची हायेत का लग्नाची, हे पाह्यलंच नाही त्यानं."

"ज्यानं लहानपणापासून ती कविता घोकली, त्याला ओळ कुठली हे माहीत नसेल? फादर, तुम्ही तुमच्या प्रार्थनेतली ओळ चुकून बाजारात म्हणाल का?"

"म्हणतो ना. भाजीवालीसंग भाव करताना रोज म्हणतो."

मामंजी हसले नाहीत. म्हणाले, "त्या सभेत अशी माणसं असतील, ज्यांनी आपली लेकरं पुरली होती. ती ओळ त्यांच्यासाठी होती. बाकीच्यांना नुसती फुलं दिसली. उसनी ओळ कधी एकटी येत नाही, मागच्या घरचा धूर अंगावर घेऊन येते."

"बरं, मग त्याले कसं समजलं का कोणी ओळखली?" फादरनं विचारलं, आणि उत्तरही स्वतःच दिलं. "चेहऱ्यावरून समजते गा, मास्तर. मी रविवारी बोलून राहिलो का मले सारं दिसते. कोण झोपला, कोण रडला."

मामंजींनी हातातला पेला चाचपत चाचपत खाली ठेवला. जमीन कुठे आहे ते बोटांनी शोधून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांचे डोळे आम्ही समजत होतो त्याहून पुढे गेलेले आहेत.

काचबिंदू होता. मोतीबिंदूसारखा तो पिकत नाही आणि काढताही येत नाही, नुसता माणसाला कडेकडेनं खात जातो. त्या हिवाळ्यात त्यांचं वाचणं गेलं, शिमग्याच्या सुमारास ताटातली पोळी ते हातानं शोधायला लागले. आणि त्याच शिमग्यात फादर गेले. छातीचं दुखणं होतं, त्यांच्या लोकांनी त्यांना मायदेशी परत न्यायचं ठरवलं. जाताना सायकल आमच्या ओसरीत लावून गेले. म्हणाले, "येतो ना मी. तवर हवा भरून ठेवजो, वहिनी." चैत्रात कळलं की ते पोचलेच नाहीत, वाटेतच सगळं झालं. तुझे मामा बरेच दिवस नेमानं त्या सायकलीत हवा भरत होते. मग कधीतरी थांबले.

फादर गेल्यावर मामंजी खेळ एकटेच खेळायचे. ओसरीत बसून एक ओळ म्हणायची, जरा थांबायचं, जसं कोणी उत्तर देईल, आणि मग स्वतःच मान हलवायची. मला ते बघवत नसे. मी म्हटलं, मामंजी, मी वाचून दाखवते. अक्षरं मला येत होती, तुझ्या मामांच्या इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकावरून आणि बिस्किटांच्या डब्यांवरून शिकले होते. अर्थ न कळता वाचायची, देवनागरीच्या तोंडानं, काना-मात्रा स्पष्ट. ते ऐकायचे आणि म्हणायचे, "तुझा रोमन कुहीचा आहे वं." पण थांबवायचे नाहीत.

हळूहळू ओळी माझ्या कानाला ओळखीच्या झाल्या. अर्थ ते सांगत, तो मी अर्धा विसरे, पण प्रत्येक ओळीला मी माझं नाव ठेवलं होतं. पावसाची ओळ, मधमाश्यांची ओळ, नांगराची, आणि ती लहान मुलाची, फुलांची. एके दुपारी ते आपल्याच नादात काही म्हणाले आणि माझ्या तोंडून गेलं, "ही पावसाची. पण शेपूट नांगराच्या ओळीचं जोडलंय तुम्ही." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मला वाटलं चुकलं. मग म्हणाले, "अजून थोडं पन्हं आहे का?" एवढंच. मांडीवर थाप मारली नाही, पण आवाज वेगळा होता. पन्हं घेऊन आले तेव्हा ते चष्मा काढून डोळे पुसत होते, ज्या डोळ्यांना चष्म्याचा उपयोग उरला नव्हता.

तरी मी म्हणजे काही फादर नव्हते. गाय घरच्या माणसाचा आवाज ओळखते, तसं माझं ओळखणं. त्यांनाही ते माहीत होतं. ऐकणारा गेला की उसनं बोलणाऱ्याचं काय होतं, हे मी त्या उन्हाळ्यात रोज बघत होते. तीच ओळ, तोच आवाज, आणि समोर नुसती वाळ्याची ताटी.

अशात नलूचं लग्न ठरलं. वऱ्हाड इंदूरहून यायचं होतं. घरात विद्वान बाप, तेव्हा मंगलाष्टक तेच रचणार हे सगळ्यांनी धरून चाललं. तेही तयार झाले, पण म्हणाले, "एकही अक्षर नवं लिहिणार नाही."

"म्हणजे काय हो बाबा?" नलू रुसली. "माझ्या लग्नात तरी नवीन म्हणा. सासरचे हसतील मले."

"नवीन तू आहेस ना. मंगलाष्टक जुनंच बरं."

मला मागाहून समजावून सांगितलं. त्या पडत्या काळात रोमच्या एका गुरुजीनं राजाच्या सांगण्यावरून लग्नाचं अख्खं काव्य जुन्या कवीच्या ओळी कापून कापून शिवलं होतं. त्या प्रकाराला त्यांच्या भाषेत गोधडीच म्हणत. मी म्हटलं, "मग आमच्या कुहीत घरोघरी पंडित आहेत, मामंजी. माझी आई दर पावसाळ्याआधी एक शिवते." ते बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, "तुझ्या आईच्या गोधडीत कोणाचं लुगडं कुठे आहे, ते तुला सांगता येतं की नाही? तसंच."

आणि मग सगळा वैशाख ते घरातल्या लग्नांतल्या ओळी आठवत बसले. त्यांच्या थोरल्या भावाच्या लग्नातली, त्यांच्या स्वतःच्या, माझ्या लग्नात माझ्या मामानं रचून म्हटलेली. एकीकडे अंगणात कुरडया वाळत होत्या, दुसरीकडे आचारी चुलाण खोदत होता, आणि ओसरीत एक आंधळा माणूस बोटांनी मांडीवर मात्रा मोजत होता. मी विचारलं, इतके कष्ट कशाला, कोणाला कळणार आहे? ते म्हणाले, "तीनशे माणसं येतील. एकाला तरी कळेल. मला एकच पाहिजे."

तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता वाटतं, दुसरं काही त्यांच्याकडे मागण्यासारखं उरलंच नव्हतं.

गोरज मुहूर्त होता. दिवसभराचं ऊन मांडवाच्या कापडात साठलेलं, गुलाबपाण्याचा वास घामात मिसळलेला. तुझ्या मामांनी त्यांना दंडाला धरून अंतरपाटाजवळ उभं केलं. मी बायकांच्या बाजूला, माझ्या शेजारी पारशिवनीच्या आत्याबाई, म्हणजे मामंजींची थोरली बहीण. मामंजींनी म्हणायला सुरुवात केली. वर्गात शिकवणाऱ्याचा आवाज, म्हातारा पण ताठ. पहिल्या कडव्यांत काही ओळखीचं आलं, काही नाही. मग एकदम माझ्या लग्नातली, माझ्या मामाची ओळ. मीनू, खरं सांगते, मी मागे वळून मामाला शोधलं. मामा तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. मांडव नलूचा, वास तिच्या गजऱ्याचा, आणि मी मात्र कुहीच्या अंगणात, हळदीच्या हातांनी उभी. पोटात हलतं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

शेवटची ओळ त्यांनी सावकाश म्हटली.

दारी दीप जळे, तुझी चिमुकली छाया घरी राहु दे.

चाल लग्नाची, शब्द सुंदर. पण मला एक शब्द खटकला. चिमुकली? नलू माझ्यापेक्षा वीतभर उंच. शेजारी आत्याबाईंच्या मुठीतून अक्षता सुटून खाली सांडल्या, अजून 'सावधान' व्हायचं होतं. त्यांनी पदर तोंडावर ओढला. मला वाटलं उन्हाचा त्रास. मी पाण्यासाठी वळले, तोवर वाजंत्री सुरू झाली.

जेवणाच्या पंगतीत वराच्या काकांनी टोमणा मारलाच. "व्याही, तुम्ही तर लॅटिनचे प्रोफेसर. वाटलं, काही खास ऐकू. ये तो सब सुना हुआ है."

मामंजी त्या आवाजाकडे वळले, चेहऱ्यावर अशी आशा की मला जमिनीत जावंसं वाटलं. "ऐकलेलं आहे? कुठे ऐकलं, आठवतं का?"

काका हसले. म्हणाले, "आता लग्नातच ऐकलं असेल, आणखी कुठे," आणि वाढप्याकडून मठ्ठा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघालं. नलू गेली. अंगणात उष्ट्या पत्रावळींचा ढीग, कडेला फादरची सायकल, तिच्यावर कोणीतरी ओलं धोतर वाळत टाकलेलं. दिवेलागणीला मामंजींनी मला हाक मारली.

"कोणी काही म्हणालं का?"

"छान झालं म्हणाले सगळे."

"छान नको मला. कोणी ओळखलं का?"

मी सांगितलं, माझ्या मामाची ओळ ओळखली. तुमच्या थोरल्या भावाच्या लग्नातली ती गोकुळाची, तीही ऐकल्यासारखी वाटली. ते मान हलवत होते.

"आणि शेवटची?"

"नाही ओळखली, मामंजी. कोणाची?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तुला कुठून माहीत असणार. तू नंतर आलीस." आणि जरा थांबून, "बाकी कोणी काही बोललं नाही ना?"

मी म्हटलं, नाही. तेव्हा ते खरंच होतं.

त्या दिवसानंतर त्यांनी खेळ खेळला नाही. पंडितांवरचा लेख ते मला सांगून लिहून घेत, तो अर्धा होता, पुढे सांगितला नाही. मी पुस्तक उघडून बसले की म्हणत, राहू दे, ताटी वाळली बघ. पाऊस सुरू झाला, ताट्या काढून माळ्यावर टाकल्या, तेव्हा तेही निमित्त संपलं. त्यांना कसलाही आजार नव्हता. डॉक्टर येऊन नाडी बघत आणि म्हणत, जेवायला घाला. नलूची पहिली दिवाळी यायच्या आत ते गेले.

तेराव्याला आत्याबाई आल्या. सगळं आटोपलं, पाहुणे पांगले, मी दारात दिवा लावत होते. मागून आत्याबाईंनी हळू आवाजात तीच ओळ म्हटली. मंगलाष्टकाच्याच चालीवर, तेराव्याच्या दिवशी. मी वळले.

"आत्याबाई, ही ओळ तुम्हाला माहीत होती?"

"माहीत नसून कसं चालंल वं. तुह्या सासूची आहे."

सासूबाईंना मी पाहिलं नव्हतं, माझ्या लग्नाआधीच त्या गेल्या होत्या. आत्याबाईंनी सांगितलं ते असं. नलूच्या आधी एक मुलगी झाली होती. चालायला-बोलायला लागली आणि तापानं गेली. पुढे तिचं नाव घरात कोणी घेत नसे, घेतलं की सासूबाई जेवत नसत. पण दिवेलागणीला दारात दिवा ठेवताना त्या एवढी एक ओळ म्हणायच्या. आपणच जुळवलेली.

"मी म्हणलं तिले एकदा, काहून वं बाई, ही चाल तर लग्नाची. तर म्हणे, मले माहीत आहे. पोरगी लग्नाची होईस्तोवर कुठे राहिली. म्हणून तिच्या वाट्याची चाल लावून राहिली मी."

म्हणजे त्या मांडवात दोघी बहिणी होत्या. एक शालू नेसून अंतरपाटामागे, आणि दुसरी नुसती एका शब्दात. मामंजींनी थोरलीला धाकटीच्या लग्नात आणलं होतं, आणि तीनशे माणसांत कोणी तरी म्हणावं, हो, ती आली, मी पाहिली, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

मी विचारलं, "मग तुम्ही त्यांना सांगितलं काहून नाही?"

आत्याबाईंनी दिव्याची वात सारखी केली. "माह्या हातातल्या अक्षता सुटल्या वं. समोरच होती ना मी त्याच्या. मले वाटलं, त्यानं पाह्यलं. मले वाटलं, त्याले माहीत आहे का मले माहीत आहे. लग्नाच्या घरी वरून काय बोलाचं?"

आंधळ्या भावासमोर ती पाच पावलांवर उभी होती. जिवाभावाची बहीण. इतकी वर्षं डोळ्यांनी बोलायची सवय झालेली, त्याचे डोळे गेलेत हे तिला ठाऊक असूनही त्या क्षणी आठवलं नाही. आणि तो समजला, कोणीच ओळखलं नाही. समजला, आणि तसाच गेला.

फादर म्हणाले होते, चेहऱ्यावरून समजते. मी कितीदा त्या दूरच्या राजसभेचा विचार करते. तो पंडित भाषण म्हणतोय, फुलांची ओळ आली, आणि मागच्या रांगेत एखाद्या म्हाताऱ्यानं खाली मान घातली. पंडिताला दिसली का ती मान? की त्याचं लक्ष राजाकडे होतं, आणि तोही घरी जाऊन बायकोला विचारत बसला, कोणी काही म्हणालं का? मामंजी वर्षभर सिद्ध करू बघत होते की ओळ घेणारा जाणून घेतो. ते मला पटलं आहे, त्यांच्या लेखाशिवायच पटलं आहे. पण ऐकणाराही काही देणं लागतो, हे त्यांच्या लेखात होतं की नाही, मला माहीत नाही. तेवढं पुढे त्यांनी सांगितलंच नाही.

नंतर बरीच वर्षं गल्लीतल्या लग्नांसाठी मी मंगलाष्टकं शिवून देत असे. लोक येत, काकू, मुलाचं नाव एवढं घाला. मी प्रत्येकात त्यांच्या घरातल्या एखाद्या गेलेल्या माणसाचं काहीतरी विचारून टाकायची, एखादी म्हण, एखादी ओवी. आणि मांडवात कान देऊन बसायची. बहुतेक वेळा वाजंत्री लवकर सुरू व्हायची. आता कॅसेट आली, कोणी येत नाही. कॅसेटचा राग नाही मला. फक्त तिला कोणाच्या घरचा धूर लागलेला नसतो.

तुझ्या आईशी मी थोरलीबद्दल कधी बोलले नाही. एकदा सहज विचारलं होतं, तुझ्या मंगलाष्टकातलं काही आठवतं का? म्हणाली, "वहिनी, मले काय आठवणार, सारा वेळ अक्षता कानात जाऊन राहिल्या होत्या." हसलो दोघी. पुढे बोलायचं राहून गेलं, आणि आता ती नाही. म्हणून तुला सांगते आहे, नाहीतर उद्या माझ्यामागे ही ओळ नुसती एक ओळ होईल. ऐकायला गोड आणि कोणाचीच नाही.

तर ये. परीक्षा, नोकरी, गाडीचं रिझर्व्हेशन, तुझी सगळी कारणं मला पाठ आहेत, एकही नवीन नाही. पावसाआधी ये, अजून माळ्यावरची एक ताटी शाबूत आहे, तिच्यावर पाणी मारू, पन्हं करून ठेवते. मी रोज दिवेलागणीला ती ओळ म्हणते, कधी तिच्या पुढेमागे मामंजींच्या पावसाच्या ओळीचं एखादं शेपूटही जोडते. तू शेजारी बस आणि ऐक. आणि काही ओळखलंस तर नुसती मान डोलावू नको वं, हातातलं काही खाली पाडू नको. तोंडानं सांग, मोठ्यानं. मला आता चेहरे दिसत नाहीत.